एकतिसावा दिवस

पत्र मंगळवारी आलं, साध्या पोस्टाने.
"आपला पूर्वीचा विवाह संपल्याचा पुरावा
अर्जासोबत आढळला नाही. साठ दिवसांत पाठवावा."
कॅलेंडरला टाचून मी कामावर गेले.
इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना
कुणी विचारत नाही, आधी कोण निजलं होतं.

पुरावा म्हणजे काय हवंय त्यांना?
वेन गेला तेव्हा होडी घेऊन गेला, कुत्रा ठेवून गेला.
कुत्रा मेला त्यालाही आता सतरा वर्षं झाली.
त्याच्या कोटाच्या खुंटीवर
बर्फ उपसायचं फावडं टांगलंय.
हे अर्जाला जोडता येत नाही.

काडीमोड. किती हलका शब्द.
कट्‌ म्हटलं की दोन तुकडे, दोघांच्या हाती एकेक.
सरकारला तो कट्‌ शिक्क्यानिशी हवा.

थंडर बेच्या कोर्टात खिडकीमागे बर्निस,
चष्मा कपाळावर, बोटाला रबरी टोपी.
"सत्त्याण्णव? त्या फायली गोदामात. नंबर असेल तर आठवडा,
नसेल तर देव जाणे."
मी म्हटलं, तारीख पाठ आहे, तीन मार्च, सोमवार.
"तो निकाल," ती म्हणाली,
पावाची किंमत सांगावी तशी,
"घटस्फोट लागू होतो एकतिसाव्या दिवशी.
तोवर अपील करता येतं. तोवर तुम्ही नवराबायकोच."

म्हणजे अर्जात मी लिहिलं ते चूक.
म्हणजे एक महिनाभर मी कुणाची तरी होते
आणि मला पत्ता नव्हता.
त्या महिन्यात मी केस कापले,
फिनिश हॉलमध्ये दोनदा नाचले,
पलंग खिडकीकडे सरकवला एकटीने,
पाठीत उसण भरली.

नंबरासाठी वेनला फोन केला, निपिगॉनला.
बारा वर्षांनी.
कागद त्याच्याकडे होता, गळांच्या डब्यात,
झाकणाच्या आतून चिकटवलेला.
आकडे वाचले त्याने एकेक करून, दोनदा.
मग म्हणाला, "आयला, तिसाव्या दिवशी मी आलो होतो.
वकिलाने सांगितलं होतं, उद्यापर्यंत वेळ आहे.
तुझ्या दारासमोर तासभर, ट्रकचे दिवे चालू."

ते दिवे मला आठवतात. छतावरून फिरले होते.
"मला वाटलं बर्फ ढकलणारी गाडी."
"एप्रिलात?"
"एप्रिलातही पडतो इथे."
"पडतो," तो म्हणाला.
"आत का नाही आलास?"
बराच वेळ फक्त त्याच्या स्टोव्हचा आवाज.
"कुत्रा भुंकला नाही गं.
ओळखलं त्याने. खिडकीत नुसता उभा राहिला.
मग मला गिअर टाकावाच लागला."

प्रमाणपत्र एक पानाचं.
सदर विवाह दिनांक तीन एप्रिल रोजी विसर्जित.
विसर्जित. पाण्यात सोडून पाठ फिरवावी तसा.
बर्निसने शिक्का मारला, फुंकर घातली,
पावती दिली, आणि पुढच्याला हाक मारली.

रात्री गोचा बोलतो बातुमीहून.
दोन शरदांपूर्वी गव्हाच्या जहाजावर स्वयंपाकी होता,
पाऊस थांबेना म्हणून माल चढेना,
अकरा दिवस जहाज धक्क्याला, अकरा दिवस तो
माझ्या ओट्यावर अक्रोड कुटत.
"मिळाला कागद?" तो विचारतो.
मिळाला, म्हणते. तारीख बदलली फक्त.
तो विधुर. त्याचाही कागद एक पानाचा,
पण त्यात कुणी दिवस मोजले नाहीत.
मरण त्याच दिवशी लागू होतं.
"तुमच्याकडे महिना देतात?" तो म्हणतो. "बरं आहे."
बरं आहे की नाही, मी सांगत नाही.
वेनचंही सांगत नाही. सांगेन, तो इथे आल्यावर,
किंवा नाही.

फॉर्मच्या शेवटी चार ओळी रिकाम्या होत्या:
अन्य काही नमूद करायचे असल्यास.
मी पेन उघडलं.
मग टोपण लावलं, पाकीट चाटून बंद केलं.

आज पहाटे तीनला छतावरून दिवे फिरले.
मी उठले, अनवाणी, खिडकीशी गेले,
काच हाताने पुसली.
बर्फ ढकलणारी गाडीच होती.
चालवणाऱ्याने हात केला.
मीही केला.